गळिताआधीचा हंगाम

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं गळीत सुरू होऊन गारगोटी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, तोवर इथल्या कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा हंगाम बऱ्याचदा निम्मा उरकलेला असतो. कारखान्याच्या हंगामाचा अंदाज आधी महिनाभर पेपरात येतो. किती क्षेत्र, किती टन, उतारा काय, सगळं छापून येतं. मुलींच्या हंगामाचा अंदाज कोणी छापत नाही. अमेरिकेत तो छापतात. तिथं प्रत्येक गटातले प्रशिक्षक ऑगस्टमध्ये मतं देऊन संघांची क्रमवारी लावतात आणि लोक त्यावर वाद घालतात. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या स्टेडियमवर भरवला, तर ९२,००३ माणसं आली. आपल्याकडे कॉलेजांच्या झोनल स्पर्धेला प्रेक्षक म्हणजे हरलेले संघ आणि परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुली. तरीही अंदाज बांधता येतो, फक्त तो वेगळ्या ठिकाणी बघून बांधावा लागतो.

आपला गट म्हणजे शिवाजी विद्यापीठ. विद्यापीठ १९६२ चं. २००४ मध्ये सोलापूर वेगळं झाल्यापासून कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे उरले. आधी झोनल, मग झोनलमधून वर आलेल्यांची इंटरझोनल. तिथं निवड समितीच्या डोळ्यांत भरलेल्या मुलींचं शिबिर, त्यातून बारा जणींचा विद्यापीठ संघ आणि पुढं पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथं महाराष्ट्रातली इतर विद्यापीठं असतातच, शिवाय गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशही. पहिल्या चारांत आलं तर अखिल भारतीय. बिद्रीच्या दूधसाखर महाविद्यालयापासून गारगोटीच्या कर्मवीर हिरे, मुरगूडच्या मंडलिक आणि अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजपर्यंत सगळ्यांना याच एका शिडीनं चढायचं असतं, आणि कोल्हापूर, इचलकरंजीच्या मोठ्या कॉलेजांनाही दुसरी वाट नाही.

आता अंदाज. सगळ्यात आधी बघायचा पाऊस. तयारीचे महिने जुलै-ऑगस्ट, आणि दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्यात तेव्हा मैदान नावाची गोष्ट नसते, चिखल असतो. पोल उभे असतात, नेट जिमखान्यात गुंडाळलेलं असतं. उघडीप मिळाली की मुरूम पसरायचा, चुना मारायचा, आणि अठरा बाय नऊ मीटरचं कोर्ट आखून होईतो पुन्हा सर येते. शहरातल्या ज्या कॉलेजांना पत्र्याखाली का होईना कोरडी जागा आहे, त्यांचा संघ झोनलच्या पहिल्या दिवशी दीड महिना पुढं असतो. ही तफावत एखाद्या उंच मुलीच्या स्मॅशनं भरून निघत नाही.

मुरमाचं आणखी एक आहे. त्याच्यावर कोणी अंग टाकत नाही. एकदा कोपर सोललं की दुसऱ्यांदा मुलगी चेंडूमागं झेपावत नाही, जागेवरून हात लांब करते. झोनलला हे खपून जातं, कारण समोरच्याही मुरमावरच वाढलेल्या असतात. पश्चिम विभागात मात्र पडून, लोळण घेऊन चेंडू उचलणाऱ्या मुली समोर येतात, आणि आपले गुण तिथं जातात. लोळण घेऊन चेंडू उचलण्याची ही कला जगाला दाखवली ती जपानमधल्या निचिबो कायझुका या कापडगिरणीच्या मुलींनी. दिवसा गिरणीत काम, नंतर रात्री उशिरापर्यंत सराव, आणि प्रशिक्षक दायमात्सू दमलेल्यांवरही चेंडू मारत राहायचे. बहुतांश याच मुलींच्या संघानं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. त्या प्रशिक्षणाचा जाच मला पटत नाही. पण गिरणीच्या पाठबळावर एवढं उभं राहतं, तर साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात एक छपराचं कोर्ट उभं राहायला कुणाची हरकत असावी?

दुसरी बघायची गोष्ट सर्व्हिस. १९९९ पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. पंचवीसचा सेट असला, तरी रिसिव्हिंग कच्चं असेल तर एकटी मुलगी सलग सात-आठ सर्व्हिस करून तो संपवत आणते. म्हणून संघ बघायला गेलं की मी स्मॅशरकडं बघतच नाही. सव्वादोन मीटरला एक सेंटीमीटर कमी असलेल्या नेटवरून टाच उचलून मारणाऱ्या दोघी प्रत्येक कॉलेजात सापडतात. पहिला चेंडू कोण घेते आणि तो लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीच्या, डोक्यावर जातो की पंचांच्या खुर्चीकडं, एवढंच बघायचं.

लिफ्टर मात्र तिसऱ्या वर्षाचीच हवी. कोणत्या मुलीला चेंडू उंच लागतो, कोणाला नेटजवळ, कोण चुकल्यावर रुसते, हे कळायला दोन हंगाम जातात. आणि इथंच खरी गळती आहे. बारावीपर्यंत खेळलेली मुलगी कॉलेजला येते, अकॅडमीत पोलीस भरतीचं ८०० मीटर धावणं आणि गोळाफेक सुरू करते आणि व्हॉलीबॉल मागं पडतो. तिला दोष कसा द्यायचा? सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण खरं, पण तिथवर पोचायला आधी मोठ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. अंगानं दणकट मुलींना मुरगूडची कुस्ती खेचते. उरलेल्यांपैकी काहींचं दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर लग्न ठरतं. कॉलेजात खेळ बघणाऱ्या पी.डी. सरांच्या वहीत मे महिन्यात बारा नावं असतात, जुलैत सात. मग कबड्डीच्या दोघी, खो-खोची एक अशा मुलींना विनवून संघ पुरा करायचा. खो-खोवाल्या मुली, सांगून ठेवतो, डिगला, म्हणजे खाली आलेला चेंडू उचलायला, फार चांगल्या निघतात.

एक गोष्ट अलीकडं सोपी झाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. सरावाला थांबून उशिराची गाडी धरायची, तर घरात आता पैशाचं कारण पुढं येत नाही, अंधाराचं येतं. म्हणून सराव पहाटे घेणारी कॉलेजं शहाणी.

तर यंदाचा माझा कौल: झोनलला कोरडी जागा आणि वसतिगृह असलेली शहरी कॉलेजं जड. ग्रामीण भागातून वर येईल तो संघ, ज्याची लिफ्टर टिकली आहे आणि निदान तिघींची सर्व्हिस नेटमध्ये जात नाही. इंटरझोनलला सांगली-साताऱ्याकडून एखादा अनपेक्षित संघ येतोच, त्याची जागा ठेवावी. पश्चिम विभागात पहिल्या चारांची आशा मी धरत नाही. मैदान बदलेपर्यंत धरणारही नाही.

पुढचा बदल बघायचा तो २०२७-२८ मध्ये. २०२४-२५ ला नव्या शैक्षणिक धोरणाखाली संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी तेव्हा पदवीच्या चौथ्या वर्षाला पोचेल. ऑनर्ससाठी थांबणाऱ्या मुली सगळीकडं नसतील. पण ज्या कॉलेजात दोन जणी थांबतील आणि त्यातली एक लिफ्टर असेल, त्या संघाला तीनच वर्षांत पांगणारे संघ सहजी हरवू शकणार नाहीत.