घंटा एक, शाळा चार

वेस्ट बँकमधल्या इमान्युएल या वसाहतीत मुलींची एक शाळा आहे, बेत याकोव या कर्मठ ज्यू शाळांच्या जाळ्यातली. २००७ साली त्या शाळेच्या इमारतीत मधोमध भिंत उभी राहिली. दोन बाजूंना दोन दारं, दोन गणवेश, मधल्या सुट्टीच्या वेळाही वेगळ्या. मैदानात कुंपण आलं आणि पलीकडचं दिसू नये म्हणून त्यावर कापड लावलं गेलं. एका बाजूला बहुतेक अश्केनाझी, म्हणजे युरोपातून आलेल्या घराण्यांतल्या मुली. दुसऱ्या बाजूला बहुतेक मिझराही, म्हणजे मोरोक्को, येमेन, इराककडून आलेल्यांच्या. सगळ्या ज्यू, सगळ्या सोवळ्यातल्या, शनिवार कडकडीत पाळणाऱ्या.

प्रकरण इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. अश्केनाझी बाजूच्या पालकांचं म्हणणं होतं की हा वंशाचा नव्हे, आचाराच्या कडकपणाचा प्रश्न आहे. काही मिझराही मुली आमच्याही बाजूला आहेतच की. बसऱ्यात जन्मलेले आणि स्वतः धर्मनिष्ठ असलेले न्यायमूर्ती एडमंड लेव्ही यांना हे पटलं नाही. २००९ मध्ये न्यायालयानं भेदभाव झाल्याचं ठरवून भिंत पाडायला सांगितलं. त्या पालकांनी मुलींना शाळेतच पाठवणं बंद केलं आणि जून २०१० मध्ये त्यांच्यातले वडील तुरुंगात गेले. त्यांना निरोप द्यायला जेरुसलेम आणि बने ब्राकच्या रस्त्यांवर लाखाच्या घरात कर्मठ ज्यू उतरले. म्हणजे आपल्या मुलींना दुसऱ्या ज्यू मुलींबरोबर न बसवण्यासाठी जेलात जाणारे बाप त्या गर्दीला हुतात्मे वाटत होते.

परदेशी वर्तमानपत्रांनी ही वर्णभेदाची बातमी म्हणून छापली. ती तशी होतीच. पण भिंत बांधणाऱ्यांना ती सहज सुचली, कारण त्या देशाची अख्खी शाळाव्यवस्था वेगवेगळ्या दारांवरच उभी आहे. आणि ती दारं कुणी द्वेषानं नव्हे, भांडण मिटवण्यासाठी बसवली होती.

राज्यस्थापनेआधीच्या ज्यू वस्तीत शाळा पक्षांच्या होत्या. कामगार चळवळीच्या शाळेत एक मे साजरा होई, धार्मिक झायनवाद्यांच्या शाळेत प्रार्थना आणि तालमूद, तर मध्यमवर्गाची ‘सर्वसाधारण’ शाळा तिसरी. १९४९ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानं हे प्रवाह तसेच ठेवले आणि आगुदात इस्राएल या कर्मठ पक्षाच्या शाळांना चौथा प्रवाह म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास येमेनहून हजारो ज्यू येत होते. त्यांच्या छावण्यांत मुलांना कुठल्या प्रवाहात घालायचं यावरून रण पेटलं. मुलांच्या कानांजवळच्या पवित्र बटा कापल्याच्या तक्रारी आल्या, १९५० मध्ये फ्रुमकिन चौकशी समिती बसली आणि तिनं छावण्यांतल्या धर्मविरोधी वागणुकीवर ठपका ठेवला. वाद तिथं थांबला नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये पंतप्रधान बेन गुरियन यांचं सरकार पडलं ते सीमेवरून नाही की रेशनवरून नाही, याच शाळांच्या प्रश्नावरून.

मग १९५३ चा राज्यशिक्षण कायदा आला. पक्षांचे प्रवाह गेले; सरकारी आणि सरकारी-धार्मिक अशा दोन शाखा आल्या. कर्मठांना, म्हणजे हरेदींना, अनुदान घेऊन बाहेर राहायची मुभा मिळाली आणि अरब मुलांच्या शाळा अरबी भाषेत वेगळ्या राहिल्या. प्रत्येकाला आपली शाळा, म्हणजे कुणाची कुणाला कटकट नाही. एकत्र कुटुंबात रोजच्या कुरबुरी थांबवायला चुली वेगळ्या कराव्यात, तसाच हा तोडगा. कुरबुरी थांबल्या. पण वेगळ्या चुलीवर वाढलेली नातवंडं एकमेकांना फार ओळखत नाहीत.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. १९५९ मध्ये हैफाच्या वादी सालिब वस्तीत मोरोक्कन ज्यूंनी भेदभावाविरुद्ध दंगल केली. १९६८ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, शाळासुधारणा मंजूर केली: नव्या माध्यमिक शाळांत श्रीमंत अश्केनाझी वस्त्या आणि गरीब मिझराही वस्त्या यांची मुलं मुद्दाम एकत्र आणायची. काही ठिकाणी बसगाड्या आल्या, मुलं आली. मग वर्गात हुशार आणि ढ अशा तुकड्या पडल्या आणि जुनी विभागणी नव्या नावानं परतली. १९८४ मध्ये वर्णद्वेषी मेइर कहाने क्नेसेटवर निवडून आला, तेव्हा शिक्षणमंत्री यित्झाक नवोन यांच्या काळात खात्यानं लोकशाही आणि सहजीवनाच्या शिक्षणासाठी वेगळा विभाग काढला. पाठ लिहिले गेले, शिबिरं भरली. पण ‘दुसऱ्या’विषयीचा पाठ ज्या वर्गात चालला होता, तिथं तो दुसरा कधीच हजर नव्हता.

या गोष्टीशी आपला थेट संबंध आहे. अलिबागच्या परिसरात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल ज्यू १९४८ नंतर तिकडे जाऊ लागले. बेर शेवा, दिमोना, लोद, अश्दोद इथं त्यांना घरं मिळाली. भ्रमनिरास लवकर झाला. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी ‘आम्हांला परत भारतात पाठवा’ म्हणून धरणं धरलं आणि एक तुकडी खरोखर परत आलीही. खरा घाव पुढे बसला. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या रब्बीमंडळानं विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली: बेने इस्राएल वधूवराच्या आईची, आजीची, जितकं मागं जाता येईल तितकी चौकशी करा, त्यांत कुणी बिगर ज्यू तर नाही ना. लग्न धार्मिक नोंदणीतूनच होणार, दुसरी सोय नाही. कोकणात ज्यांच्या ज्यू असण्याबद्दल शेजारच्या आगऱ्यालाही शंका नव्हती, त्यांना ज्यू राज्यात पणजीचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत. मग रब्बीमंडळानं सूचनेतून त्यांचं नाव काढलं आणि ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कुणीही’ अशी शब्दरचना केली.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. सहजीवनाच्या शिक्षणाची चर्चा होते तेव्हा बहुतेकदा सहिष्णुतेचे धडे, भेटीगाठी, नाटुकली यांवर बोललं जातं. पण घरात मूल ऐकतं की आपल्या आजीची चौकशी चालू आहे. त्याला वर्गातला धडा काय शिकवणार? मिझराही ज्यूंचा इतिहास पाठ्यपुस्तकात यावा म्हणून समिती नेमायला २०१६ साल उजाडलं. तिचे अध्यक्ष कवी एरेझ बिटॉन. ओरानमध्ये जन्मलेले, लोदमध्ये लहानपणी हातबॉम्ब फुटून अंध झालेले. आदल्या वर्षी त्यांना साहित्याचा इस्राएल पुरस्कार मिळाला होता. त्या शाखेत तो मिळवणारे ते पहिले मिझराही. राज्यस्थापनेनंतर सदुसष्ट वर्षांनी.

इकडे मुंबईत हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली होती. पुढे देणगीदाराच्या नावावरून ती सर एली कदूरी शाळा झाली. माझगावची ही शाळा अजून चालते, मात्र आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. असल्या गोष्टी वाचल्या की आपल्याकडे लगेच छाती फुगते. फुगवू नये. बेने इस्राएल मूठभर होते आणि इथं कुणी त्यांच्याशी राज्य वाटून घेत नव्हतं. सहिष्णुता तेव्हा स्वस्त पडते. शिवाय त्यांच्या आपापसांतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद होता, आणि रोटीबेटीत तो कसून पाळला जाई. तो काही त्यांनी युरोपातून आणला नव्हता.

तिकडे मग काही चाललंय का? चाललंय, आणि त्यातलं सर्वांत विचार करण्याजोगं काम लहान आहे. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी पंतप्रधान राबिन यांना यिगाल आमिर या धार्मिक ज्यू विद्यार्थ्यानं गोळ्या घातल्या. धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष ज्यूंमधली दरी किती खोल गेली आहे ते त्या रात्री दिसलं. त्याच दशकाच्या मध्यात जेरुसलेममध्ये केशेत ही शाळा सुरू झाली होती. तिच्यासारख्या आणखी शाळा पुढे निघाल्या. वर्ग एकच, मुलं निम्मी धार्मिक घरांतली, निम्मी धर्मनिरपेक्ष. टोपी कुणावर सक्तीची नाही. सकाळी धार्मिक मुलं प्रार्थनेला बसतात आणि त्याच वेळी बाकीची आपल्या वेगळ्या बैठकीत जमतात, एखादा उतारा वाचतात, बोलतात. नंतर सगळे एका वर्गात.

कल्पना ऐकायला गोड आहे, खरी परीक्षा बारीकसारीक गोष्टींत लागते. धर्मनिरपेक्ष घरातला वाढदिवस शनिवारी ठेवला तर निम्मा वर्ग गाडीत बसून येऊ शकत नाही. केक कुठल्या बेकरीचा, कोशर, म्हणजे धर्माच्या नियमांना धरून आहे का? मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली की शाळेच्या समारंभात मुलीनं एकटीनं गावं का, कारण कडक घरांत पुरुषांनी परस्त्रीचं गाणं ऐकायचं नसतं. एक पालक म्हणतो, तिला गाऊ दिलं नाही तर मी मुलगी काढून घेईन. दुसरा म्हणतो, ती गायली तर मी मुलगा काढून घेईन. यावर पाठ्यपुस्तकात उत्तर नसतं. शिक्षक, पालक आणि कधी मुलंच बसून त्या वर्षापुरतं काहीतरी ठरवतात आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा उकरून काढतात. माझ्या मते हीच खरी शाळा. दुसऱ्याचा आदर करा हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्याच्या नियमामुळे आपला शनिवार हलवणं शिकायला वर्षं लागतात. आणि ते फक्त धर्मनिरपेक्षांनीच हलवायचं का, हा रागही त्यांच्यात खदखदत असतो. ‘हदाता’, म्हणजे मागच्या दारानं धर्म आणणं, हा तिथल्या शाळांतला नेहमीचा आरोप आहे.

२००८ मध्ये रब्बी आणि खासदार मायकेल मेलखिओर यांच्या प्रयत्नांनी अशा मिश्र शाळांना कायद्यानं मान्यता मिळाली. त्याच वर्षी त्याच क्नेसेटनं दुसराही कायदा केला: हरेदी मुलग्यांच्या वरच्या वर्गांच्या धार्मिक शाळांना सरकारी मूळ अभ्यासक्रमातून सूट देऊन अनुदान चालू ठेवणारा. गणित-इंग्रजी नको, पैसे हवेत. एका हातानं पूल, दुसऱ्या हातानं खंदक. आघाडी सरकारांत असं होतं.

आणि मिश्र शाळांत जातं कोण? ज्यांना आधीच एकत्र राहणं पटलेलं आहे ते. इमान्युएलचा बाप तिथं येत नाही. अरब आणि ज्यू मुलांना दोन भाषांत, दोन शिक्षकांकडून एकत्र शिकवणाऱ्या ‘हँड इन हँड’च्या शाळांचीही तीच अडचण. त्यांच्या जेरुसलेमच्या शाळेतला पहिलीचा वर्ग नोव्हेंबर २०१४ मध्ये जाळला गेला. दुसऱ्या दिवशी मुलं तरीही शाळेत आली. शाळा चालली, पण अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुवेन रिव्हलिन हर्झलियाच्या परिषदेत बोलायला उभे राहिले ते पहिलीतल्या मुलांचे आकडे घेऊन: ३८ टक्के सरकारी धर्मनिरपेक्ष शाळांत, १५ टक्के सरकारी-धार्मिक शाळांत, सुमारे एक चतुर्थांश अरब आणि तितक्याच जवळपास हरेदी. आता इथं एक बहुसंख्य आणि बाकी अल्पसंख्य अशी स्थिती नाही, चार जमाती आहेत, असं त्यांनी बजावलं. रिव्हलिन उजव्या लिकुड पक्षाचे, त्यामुळे हे बोलणं जास्त टोचलं.

पूर्वी निदान सैन्य होतं. शाळेत न भेटलेले तरुण अठराव्या वर्षी एका तंबूत यायचे, असं तिथले म्हातारे अजून सांगतात. अरब आणि हरेदी त्यात क्वचितच होते हे सांगायचं ते विसरतात. २५ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की हरेदी तरुणांना सैन्यभरतीतून वगळायला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. हरेदी पुन्हा रस्त्यावर उतरले. १९५३ ची ती तडजोड आता सैन्याच्या भरती कार्यालयापर्यंत पोचली आहे आणि तिथं मात्र दोन दारं बसवायला जागा नाही.