ऑल्टमेट्रिक्स

ऑल्टमेट्रिक्स (पर्यायी मापन) ही एखाद्या शोधनिबंधाकडे आंतरजालावर किती आणि कोठे लक्ष दिले गेले, हे मोजण्याची पद्धत होय. वृत्तसंकेतस्थळे, अनुदिन्या, समाजमाध्यमे, विकिपीडिया व शासकीय धोरणपत्रे यांतील उल्लेखांची गणना तीत केली जाते. या मापनातून शोधनिबंधाचा प्रसार कळतो. त्यातील निष्कर्षांची सत्यता कळत नाही.

इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधनाचा प्रभाव मुख्यतः इतर शोधनिबंधांतील संदर्भउल्लेखांवरून मोजला जाऊ लागला. यूजीन गारफील्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' इ.स. १९६४ मध्ये सुरू झाला. मात्र असे उल्लेख साठण्यास अनेक वर्षे लागतात आणि संशोधनक्षेत्राबाहेरील वाचकांची दखल त्यांत येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जेसन प्रीम, डारिओ ताराबोरेली, पॉल ग्रोथ व कॅमेरॉन नेलॉन यांनी इ.स. २०१० मध्ये ऑल्टमेट्रिक्सचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. इ.स. २०११ मध्ये यूअन एडी यांनी 'ऑल्टमेट्रिक' ही कंपनी स्थापन केली.

कार्यपद्धती

अनेक शोधनिबंधांना डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक किंवा निबंधाचा दुवा कोठे दिला गेला आहे, याचा शोध संगणकप्रणाली घेते. ऑल्टमेट्रिक कंपनीच्या गुणांकात बातमीला ८, अनुदिनीतील लेखाला ५ आणि विकिपीडियातील उल्लेखाला ३ असा मूळ भार दिला जातो. समाजमाध्यमांवरील नोंदीचा भार याहून बराच कमी असतो. एकाच व्यक्तीने एकाच माध्यमात पुनःपुन्हा केलेला उल्लेख एकदाच धरला जातो. ही बेरीज रंगीत कड्याच्या मध्यभागी दर्शवितात. कड्यातील प्रत्येक रंग एकेका माध्यमाचा निदर्शक असतो.

उदाहरण : ड्रेडनॉटस

अवाढव्य डायनासोरांविषयीचे संशोधन सर्वसामान्य वाचकांचे लक्ष चटकन वेधून घेते. अर्जेंटिनाच्या दक्षिण पॅटागोनियात सापडलेल्या ड्रेडनॉटस या टायटॅनोसॉराचे वर्णन केनेथ लॅकोव्हारा व सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे २६ मीटर लांबीच्या या प्राण्याचे वजन पायांच्या हाडांच्या घेरावरून ५९.३ टन असल्याचे त्यात अनुमानिले होते. जगभरातील वृत्तमाध्यमांनी या आकड्याला ठळक प्रसिद्धी दिली.

इ.स. २०१५ मध्ये कार्ल बेट्स व सहकाऱ्यांनी 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये या अनुमानाची फेरतपासणी केली. सांगाड्याच्या त्रिमितीय प्रतिकृतीवरून शरीराचे घनफळ काढले असता ५९.३ टन हे वजन अत्यंत असंभाव्य ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ४० टनांहून अधिक वजन मानायचे, तर हाडांभोवतीच्या मांसल भागाचे प्रमाण आजच्या चतुष्पाद सस्तन प्राण्यांपेक्षा कितीतरी पट अधिक गृहीत धरावे लागते.

तथापि, वजनाचे अनुमान दुरुस्त झाले तरी मूळ निबंधाला पूर्वी मिळालेले उल्लेख गुणांकातून वजा होत नाहीत. उलट, टीकेच्या निमित्ताने त्याचा नव्याने उल्लेख झाल्यास त्या उल्लेखाचीही भरच पडते. सांगाड्यातील बहुसंख्य प्रकारची हाडे उपलब्ध होणे, हे या शोधाचे शास्त्रीय महत्त्व होय. ते वजनाच्या आकड्यावर अवलंबून नाही आणि गुणांकातूनही व्यक्त होत नाही.

मर्यादा

ऑल्टमेट्रिक गुणांक प्रशंसा व टीका यांत भेद करीत नाही. लोकप्रिय विषयांना त्याचा लाभ होतो, तर गणितासारख्या विषयांतील मूलगामी संशोधन मागे राहू शकते. दुवा न देता छापलेल्या बातम्या किंवा वर्गात झालेली चर्चा गणनेतून सहज निसटते. त्यामुळे दोन भिन्न विषयांतील निबंधांची केवळ गुणांकावरून तुलना करणे योग्य ठरत नाही. निबंधाची चर्चा कोणी व कोठे केली हे शोधण्यासाठी हा गुणांक उपयुक्त असला, तरी गुणवत्तेच्या निर्णयासाठी मूळ निबंध व त्यावरील नंतरचे संशोधन वाचणे आवश्यक असते.