यंत्राची किल्ली कोणाच्या हाती?

दलित चळवळीने यंत्राची भीती कधी बाळगली नाही. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा झाडा घेणाऱ्या १९४५ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्र माणसाला पशुवत राबण्यातून सोडवते आणि विचाराला फुरसत देते. त्याचे दुष्परिणाम दिसतात ते चुकीच्या समाजरचनेमुळे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज मोबाइल वस्तीवस्तीत पोहोचला आहे. अशा वेळी विचारायचे ते हे, की या यंत्राची किल्ली कोणाच्या हाती आहे?

पैसे मोजून वस्तू घेता आली की समता आली, असे बाजार सांगतो. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हा दावा रक्तात बुडालेला आपण पाहिला आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीला लग्नासाठी आलेल्या, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर वाजलेले बाबासाहेबांवरील गाणे हे भांडणाचे निमित्त होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. मोबाइल त्याचा होता; त्यातून कोणाचे नाव उमटावे, हे मात्र जात ठरवू पाहत होती. जातीचा हुकूम निदान ऐकू येतो. यंत्राच्या पोटातून चालणारे हुकूम ऐकू येत नाहीत, म्हणून ते समजून घ्यावे लागतात.

संगणक व मोबाइल चालतात ते सॉफ्टवेअरवर, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांवर. या आज्ञा आधी माणसाला वाचता येतील अशा रूपात लिहिल्या जातात. त्या रूपाला स्रोत म्हणतात. मग त्यांचे यंत्रालाच कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. बहुतेक कंपन्या हे दुसरे रूप विकतात आणि स्रोत स्वतःजवळ ठेवतात. पोथी आम्ही वाचू, तुम्ही आज्ञा पाळा, ही रीत आपल्याला नवी नाही. तिला नकार देत अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याचा स्रोत वाचून बदल करणे, प्रती वाटणे आणि सुधारलेली प्रतही वाटणे, हे चार हक्क ज्यात आहेत ते मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ साली फिनलंडमधील एक विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आजच्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी तोच गाभा आहे. त्यावर कुलपे घातली ती कंपन्यांनी.

मुक्त आणि फुकट यांत गल्लत होऊ नये. मोबाइलवरचे कितीतरी खेळ फुकट मिळतात, पण त्यांचा स्रोत बंद असतो. खेळणारा कुठे अडतो, कशाला भुलतो, याची नोंद होते आणि नेमक्या त्या जागी त्याच्यापुढे जाहिरात किंवा पैशांची मागणी येते. महार वतनही वरवर पाहता इनामच होते. त्या तुटपुंज्या मोबदल्यावर अख्खे घर रात्रंदिवस कामाला जुंपले जाई; म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. वेठ आणि खेळ यांची बरोबरी होत नाही, हे उघड आहे. तरी फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोण, कशी वसूल करतो, हे विचारायला त्या लढ्याने शिकवले आहे.

आपल्या साहित्याशी तर या कुलपाचा थेट संबंध आहे. संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा अक्षरांना आकडे देण्याची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. त्या फाँटात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे दिसतात. त्यात शब्द शोधता येत नाही. युनिकोडने १९९१ पासून देवनागरी अक्षरांना जगभर एकच क्रमांक दिले. लोहित, मुक्ता असे मुक्त परवान्याचे फाँट आज कोणालाही मिळतात. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली. कायद्याने मोकळा झालेला विचार आपणच बंद फाँटात कोंडून ठेवणार असू, तर दोष कोणाला द्यायचा?

स्रोत खुला झाला म्हणजे सारे झाले, असेही नाही. तो वाचायला संगणक लागतो, फुरसत लागते, बहुधा इंग्रजीही लागते. आणि या तिन्हींची वाटणी जातीनेच केलेली आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, हजारो माणसे चालत गेली तेव्हा. मुक्त परवाना हा असाच एक ठराव आहे. अकोल्यापासून जामखेडपर्यंत जिथे आपले वाचनालय, वसतिगृह किंवा विहार आहे, तिथे एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे. शिक्षकांनी मुलांना युनिकोडमध्ये मराठी लिहायला शिकवावे. आपल्या नियतकालिकांचे अंक युनिकोडमध्ये आणून, मुद्रिते काळजीपूर्वक तपासून, सर्वांसाठी खुले करावेत. पाण्यापर्यंत चालत जाण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.