गोळीचे पैसे कोणी द्यायचे?

माझा मावसभाऊ तालुक्याच्या बाजारात भाजी विकतो. त्याला बारा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळत, पण एका महिन्यात असत, पुढच्या महिन्यात नसत. मग दुकानातून विकत आणायच्या. धंदा मंदा असला, की हा परस्पर एक दिवसाआड गोळी घ्यायचा. मला हे कळले तेव्हा उशीर झाला होता, दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. आता त्याचे डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून होते. मला म्हणाला, "दादा, गोळीला पैसे नव्हते, मशिनला आहेत!"

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली. त्यामुळे "सर्वांना आरोग्यसेवा देशाला परवडेल का?" असे कोणी विचारले, की मी म्हणतो, अहो, खर्च आजही होतोच आहे! तो कोणाच्या खिशातून आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होतो, एवढेच पाहायचे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून उचलला होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा नाकारू नये. पण त्या वर्षी केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी खर्च होता सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

हा पैसा आणायचा कुठून? जर्मनीत १८८३ पासून पगारातून वर्गणी कापतात. आपल्याकडे कामगार राज्य विमा योजना त्याच वळणाची आहे. पण भाजीवाल्याला पगारपत्रकच नाही, कापणार कशातून? मात्र साबणाची वडी घेतली तरी कर तोही भरतो. म्हणून मला करांतून पैसा उभा करण्याचा मार्गच आपल्याला सोयीचा वाटतो.

थायलंडने २००२ मध्ये तो धरला. १९९७ च्या आर्थिक संकटातून देश नुकता सावरत होता, परवडणार नाही असे सांगणारे तिथेही होते. सरकारने दरडोई वर्षाला सुमारे १,२०० बाट करांतून बाजूला काढले. माणसाची नोंद ज्या रुग्णालयाकडे, तिथे बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि प्रतिबंधक उपचारांचे पैसे माणशी ठरलेल्या दराने आधीच जात. रुग्णाने द्यायचे फक्त ३० बाट. यातली मेख हिशेबनीसाला चटकन दिसते. रक्कम आधीच ठरलेली असल्याने मधुमेही वेळेवर गोळ्या घेऊन बरा राहिला, तर फायदा रुग्णालयाचाच. आपल्या योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत सोय आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात करायच्या ठरावीक उपचारांसाठी. रोजची गोळी तिच्या बाहेर राहते.

थायलंडमध्ये सारे सुरळीत झाले असे नाही. गर्दी वाढली, काही डॉक्टर खासगीकडे गेले. माझा एक मित्र म्हणतो, फुकट म्हटले की लोक उगाच दवाखान्यात येतात. येऊ देत की! माझा भाऊ उगाच आला असता, तर बरे झाले असते.

आता तो आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी जातो. त्या दोन दिवशी गाळा वहिनी उघडते.