मेल्यावर लिहायला बसलेला माणूस

मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मेलेला स्वतःच बोलायला बसला, तर त्याला कोण अडवणार?

ब्रास कुबास १८६९ च्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी भरदुपारी, रिओ दि जानेरोतल्या आपल्या बागबंगल्यात वारला. वय चौसष्ट, लग्न नाही, पैसा बक्कळ. मातीला माणसं अकरा. पाऊस भुरभुरत होता. त्या अकरांतल्या एकाने खड्ड्याच्या काठावर गहिवरून भाषण केलं, निसर्गसुद्धा अश्रू ढाळतोय वगैरे. ब्रास खुशीत सांगतो की याच्या नावे वीस सरकारी रोखे ठेवले होते, ते वाया गेले नाहीत.

एवढं आटोपल्यावर तो आत्मचरित्र लिहायला घेतो. पुस्तकाची अर्पणपत्रिका आहे त्याच्या प्रेताला पहिल्यांदा कुरतडणाऱ्या किड्याला.

ब्राझीलच्या मशादो द असिस यांची ही कादंबरी, ‘ब्रास कुबासच्या मरणोत्तर आठवणी’, १८८० मध्ये मासिकातून आणि १८८१ मध्ये पुस्तकरूपाने आली. प्रकरणं १६०, त्यांतली कित्येक पानभरसुद्धा नाहीत. एका प्रकरणात ब्रास मंत्री कसा झाला नाही हे सांगायचं आहे. तिथे नुसती टिंबं छापली आहेत. दुसऱ्या एका प्रकरणात प्रेमिकांचा संवाद आहे, तोही टिंबांचा. प्रश्नचिन्हं आणि उद्गारचिन्हं तेवढी शाबूत. मशादो तरुणपणी सरकारी छापखान्यात खिळे जुळवायला होते. ही चेष्टा जुळाऱ्यालाच सुचावी.

ब्रास मेला न्यूमोनियाने. त्याच्या मते मात्र एका कल्पनेने. माणसाची उदासी घालवणारी मलमपट्टी त्याला बनवायची होती. सरकारकडे अर्ज करताना मानवजातीच्या कल्याणाची भाषा होती, मित्रांपाशी नफ्याची. आता मेल्यावर तो कबूल करतो की हवं होतं फक्त नाव: वर्तमानपत्रात, भिंतीवर, औषधाच्या डबीवर. आपल्याकडचा असता तर याच्या पिंडाला कावळा शिवला नसता.

असा माणूस आवडायला लागतो, हीच गोम आहे. तो वाचकाला टोमणे मारतो, पुस्तकातला मुख्य दोष तूच आहेस म्हणतो. आपल्याला वाटतं, किती सच्चा! गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, हा कशाला खोटं बोलेल? मला हा सच्चेपणा पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. चूक कबूल करणं आणि चूक टोचणं यांत फरक असतो, आणि ब्रासला टोचत काहीच नाही.

प्रुदेंसियोचं प्रकरण घ्या. तो ब्रासच्या घरातला गुलाम पोरगा. लहानपणी ब्रास त्याला घोडा करायचा, तोंडात दोरीचा लगाम द्यायचा, पाठीवर बसून छडीने हाणायचा. तो कण्हला की वरून शिवी. पुढे ब्रासच्या वडिलांनी त्याला मुक्त केलं. बऱ्याच वर्षांनी व्हालोंगो भागात ब्रासला गर्दी दिसते. एक काळा माणूस दुसऱ्या काळ्या माणसाला भर रस्त्यात चाबकाने फोडतोय. मारणारा प्रुदेंसियो. स्वतः सुटल्यावर त्याने गुलाम विकत घेतला आहे. छोट्या मालकांना बघताच तो हात थांबवतो, तक्रार सांगतो: आळशी आहे, दुकानावर बसवून गेलो तर हा दारू प्यायला गेला. ब्रास म्हणतो, जाऊ दे, माफ कर. तो लगेच करतो. मालकांनी विनंती कशाला करायची, हुकूम करावा.

ब्रास पुढे चालू लागतो. प्रसंग वरवर भेसूर, पण त्याला यात गंमत सापडते: खाल्लेला मार प्रुदेंसियोने व्याजासकट पुढे सरकवला, बदमाष हुशार आहे! हिशेब बिनचूक आहे. तो मार आपणच सुरू केला, हेही तो बेधडक लिहितो, टोचणी मात्र कुठेच नाही. इथवर आपण ब्रासबरोबर हसत आलेलो असतो, आणि ते हसू आता कुठे ठेवावं कळत नाही.

व्हालोंगो ही जागा उगीच निवडलेली नाही. आफ्रिकेतून आणलेले गुलाम तिथल्या धक्क्यावर उतरवत. अंदाजे नऊ लाख माणसं तिथून आली. पुढे तो धक्का बुजवला गेला. २०११ मध्ये खोदकामात पुन्हा वर आला आणि २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. मशादोंचे आजी-आजोबा, वडिलांकडचे, गुलामीतून सुटलेले. ते स्वतः कृषी खात्यात नोकरीला होते, आणि गुलाम आईच्या पोटी यापुढे जन्मणारं मूल स्वतंत्र मानणाऱ्या १८७१ च्या कायद्याची प्रकरणं त्यांच्या टेबलावर येत. मालक लोक कशा पळवाटा काढतात, हे त्यांना कागदावर रोज दिसत असणार. तरी कादंबरीत कुठे आक्रोश नाही. त्यांनी मालकालाच बोलतं केलं, आणि मेलेल्या मालकाला, म्हणजे मध्येच कोणी गप्प करायला नको.

ब्राझीलमध्ये गुलामी १८८८ मध्ये संपली. म्हणजे सात वर्षं हे पुस्तक अशा घरांमधून वाचलं गेलं, जिथे पाणी आणून देणारा माणूस विकत घेतलेला असू शकत होता. शेवटच्या प्रकरणात ब्रास आयुष्याचा ताळेबंद मांडतो: मलमपट्टी झाली नाही, मंत्रिपद नाही, लग्न नाही. जमेच्या बाजूला एक गोष्ट तो आवर्जून लिहितो, की भाकरीसाठी कधी घाम गाळावा लागला नाही.