डोंगरातला मुक्काम : घर तिचं, हिशेबही तिचा



महाराष्ट्रात राजूर नावाची गावं बरीच आहेत. जालना जिल्ह्यातलं राजूर गणपतीसाठी प्रसिद्ध. वणी तालुक्यातलं आपलं राजूर कोळशाचं आणि चुन्याचं. आणखी एक राजूर आहे अकोले तालुक्यात. हे अकोले म्हणजे आपल्या विदर्भातलं अकोला नव्हे. हा तालुका अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत आहे. त्या राजूरच्या आसपास कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड असे उंच डोंगर आहेत. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिककडची मंडळी पाठीला पिशव्या लावून तिकडे जातात. दिवसा चढतात आणि रात्री डोंगरातच मुक्काम करतात.

ही माणसं झोपतात कुठे? जेवतात काय? त्यांच्यासाठी पाणी कोण आणतं? आणि मुक्कामाचे पैसे कोणाच्या हातात पडतात? आज याबद्दल बोलू या.

आपल्याकडे कुठे डोंगर आहे, असं कोणी म्हणेल. पण टिपेश्वर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. चिखलदरा, सेमाडोह, कोलकास ही मेळघाटातली मुक्कामाची ठिकाणं आपल्याच विदर्भात आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून जनावरं पाहायला शहरातली माणसं आता मुद्दाम येतात. शिवाय आपले गटही अभ्यास सहलीला जातात. म्हणजे कधी आपण पाहुण्या होणार, तर कधी पाहुणे आपल्याकडे येणार. दोन्ही वेळी हे माहीत असलेलं बरं.

आधी जगात हे कसं चालतं ते थोडक्यात पाहू. युरोपातल्या स्वित्झर्लंड देशात आल्प्स नावाचे बर्फाचे डोंगर आहेत. तिथल्या गिर्यारोहकांनी १८६३ साली आपली संस्था काढली आणि त्याच वर्षी डोंगरात पहिली झोपडी बांधली. आज त्या संस्थेच्या दीडशेच्या आसपास झोपड्या आहेत. पायी चालणारे, तसंच पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणारे, असे सगळे तिथे रात्र काढतात. वेगळ्या खोल्या फारशा नसतात. एका लांबच लांब फळीवर गाद्या टाकलेल्या असतात आणि ओळखीची-अनोळखी माणसं शेजारी शेजारी झोपतात. बूट दाराशी काढायचे. अंगाखालची चादर आपापली आणायची. जेवणाची वेळ एकच आणि सगळ्यांना जेवणही एकच. रात्री दहाच्या सुमारास दिवे बंद. येणार असाल तर आधी कळवायचं, आणि येणं रद्द झालं तरी कळवायचं. नाहीतर माणूस वाटेत अडकला की काय म्हणून शोधाशोध सुरू होते.

नॉर्वे देशात तर काही झोपड्यांत राखणदारही नसतो. १८६८ साली स्थापन झालेली तिथली संस्था सभासदांना किल्ली देते. आत लाकडं, भांडी, डाळ-तांदळासारखं टिकणारं सामान भरलेलं असतं. हवं ते घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. निघताना झाडून घ्यायचं आणि पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायची.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. पंढरीच्या वाटेवरच्या गावांत दिंड्यांचा मुक्काम असतो, तिथेही हेच तत्त्व आहे. जागा साधी, जेवण सगळ्यांना सारखं आणि शिस्त ठरलेली.

आता सह्याद्रीकडे येऊ. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वर देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया-माणसं दर्शनाला चढून जातात. पायथ्याला बारी नावाचं गाव आहे. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि कोरीव लेणी आहेत, पायथ्याला पाचनई गाव. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पूर्वी ट्रेकर मंडळी गडावरच्या लेण्यांतच पथारी टाकत. पुढे वर्दळ वाढली तशी गावकऱ्यांनी झोपड्या घातल्या, चहा-पिठलं-भाकरी द्यायला सुरुवात केली, घराची पडवी रात्रीसाठी मोकळी करून दिली.

म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये जे काम संस्थेची झोपडी करते, ते आपल्याकडे गावातलं राहतं घर करतं. आणि झोपडीच्या राखणदाराचं काम त्या घरातली बाई करते. पाहुणे रात्री अकराला आले तरी चूल पेटवणारी तीच. ते पहाटे चारला निघणार असतील तर तीनला उठून चहा ठेवणारीही तीच. पण ठरवाठरवीचा फोन येतो घरातल्या पुरुषाला, आणि पैसेही बहुतेक वेळा त्याच्याच हातात जातात. मुक्कामाची खरी गोष्ट इथे आहे. घर साधं असलं तरी चालतं. भिंत मातीची असली तरी पाहुण्याची तक्रार नसते. पण पाणी, संडास, ऊब, सुरक्षितता आणि हिशेब या पाच गोष्टी आधी ठरल्या नाहीत, तर सगळा भार बाईच्या अंगावर येतो.

पहिली गोष्ट पाणी. एका माणसाला रात्रभरासाठी पिणं, हातपाय धुणं, संडास, भांडी धरून दोन बादल्या म्हणजे ३० लिटर पाणी लागतं असं धरा. दहा पाहुणे आले तर ३०० लिटर. १५ लिटरचा एक हंडा धरला तर २० हंडे झाले. अकोले तालुक्याच्या त्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण पाणी उतारावरून वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टंचाई येते. म्हणून पाहुण्यांची संख्या किती अंथरुणं आहेत त्यावर ठरवायची नाही, पाणी किती आहे त्यावर ठरवायची. आंघोळीला पाणी मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवलं तर डोंगरात येणारा माणूस समजून घेतो.

दुसरी गोष्ट संडास. पाण्याच्या जागेपासून लांब, आतून कडी लागणारा, रात्री दिवा असलेला एक स्वच्छ संडास हवाच. बायकांचा गट मुक्कामाला यायचा की नाही हे पुष्कळदा यावरच ठरतं. वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि कागद ठेवा. प्लॅस्टिकचा कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा, हे दारावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट ऊब, आणि ही कोळशाच्या गावातल्या आपल्यासारख्यांनी नीट ऐकावी. डोंगरात थंडी पडते म्हणून काही जण खोलीत पेटती शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून झोपतात. कोळसा किंवा लाकूड कोंडलेल्या जागेत जळू लागलं की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. निखाऱ्यांना धूर नसतो, पण हा वायू असतो. म्हणून झोपायच्या खोलीत शेगडी ठेवायची नाही. शेक घ्यायचा तो ओट्यावर, अंगणात. झोपताना जादा गोधडी द्या.

चौथी गोष्ट सुरक्षितता. पावसाळ्यात जमिनीवर झोपणं टाळा. मण्यार रात्री फिरते. ती चावली तर अनेकदा फार दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. खाट द्या, नाहीतर अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी द्या. असं काही घडलंच तर झाडपाला, मंत्र यात वेळ न घालवता दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. पाहुण्यांची वही ठेवा. त्यात नाव, गाव, फोन, ओळखपत्र, कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे लिहून घ्या. माणूस वेळेवर परतला नाही तर शोध कुठे घ्यायचा हे त्या वहीतून कळतं. दारू चालणार नाही, हे पैसे घेण्याआधी सांगा. घरात बाई एकटी असेल तर अनोळखी पुरुषांचा गट ठेवायचा नाही, त्यांना शेजारच्या घरी पाठवायचं. असा नियम गटाने केला, तर एकट्या बाईला नाही म्हणायला अवघड जात नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीत शेकोटी, तंबू, रात्रीचा मुक्काम याबाबत वनखात्याला आधी विचारायचं.

पाचवी गोष्ट हिशेब. समजावण्यापुरते आकडे घेऊ. समजा सहा पाहुणे आले आणि रात्रीचं जेवण, मुक्काम, सकाळचा नाश्ता मिळून माणशी ५०० रुपये ठरले. जमा झाले ३००० रुपये. धान्य, भाजी, तेल ९०० रुपये. गॅस किंवा लाकूड १५०. साबण आणि गोधड्यांची झीज २००. पाण्यासाठी २००. एकूण खर्च १४५० रुपये. पुष्कळ घरी इथेच हिशेब थांबतो आणि १५५० रुपये फायदा झाला असं म्हटलं जातं. पण दोन बायकांनी रात्री आणि पहाटे मिळून सहा-सहा तास काम केलं, त्याचं काय? तासाला ६० रुपये धरले तरी १२ तासांचे ७२० रुपये मजुरीचे झाले. ते वजा केल्यावर उरतात ८३० रुपये, आणि तोच खरा नफा. मजुरी वहीत लिहिली नाही तर दरही चुकीचा ठरतो. मग शहरातला माणूस ३०० रुपयांत करा म्हणतो आणि आपण हो म्हणतो. त्या ३०० रुपयांत तेल-धान्य निघतं, बाईची मजुरी मात्र बुडते.

म्हणून दर गावाने एकच ठरवावा आणि फळीवर लिहून लावावा. पाहुणे कोणाच्या घरी जाणार याची पाळी लावावी, म्हणजे रस्त्यालगतच्या एकाच घराचा फायदा होत नाही. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक गावात अशीच पाळी असते. तिथे हिमबिबट्या मेंढ्या मारतो म्हणून लोक वैतागले होते. पुढे तोच हिमबिबट्या पाहायला माणसं येऊ लागली, घराघरांत उतरू लागली आणि बायकांच्या हाती उत्पन्न आलं. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या गावांनी याचा विचार करण्यासारखा आहे.

जेवणात शहरी पदार्थ करायच्या भानगडीत पडू नका. त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या शेतातल्या धान्याला किती मोल आहे, हे यावरून समजा. नाचणीची भाकरी तिकडे चालते, तर ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी आपल्याकडे का चालू नये?

हे काम करायचं ठरलं तर सरकारी आधारही आहे. निवास व न्याहारी योजना आहे. घरगुती जागेत पाहुणे ठेवण्यासाठी तिच्यात नोंदणी करता येते. २०२३ साली राज्याने महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार भरतं. मात्र व्यवसाय महिलेच्या मालकीचा हवा. तेव्हा नोंदणी, बँक खातं आणि पैसे घ्यायचा क्यूआर कोड, तिन्ही बाईच्या नावाचे करा.

आपण पाहुण्या म्हणून जाऊ तेव्हाही हे विसरू नका. चादर आणि टॉर्च आपली न्या. किती जणी येणार ते आधी कळवा. पाणी जपून वापरा, ताट उचलून ठेवा, ठरल्या दरात घासाघीस करू नका. आणि पैसे द्यायचे ते जिने रांधलं तिच्या हातात द्या.

पुढच्या बैठकीत गटाने एवढं करावं. आपल्या गावात मुक्कामाला देता येतील अशी घरं किती, त्यांना संडास आहे का, उन्हाळ्यात पाणी किती, हे एका कागदावर मांडा. कागद पाहून आत्ताच जमत नाही असं ठरलं तरी हरकत नाही. निदान ते आपण मोजून-मापून ठरवलेलं असेल.