नाही म्हणण्याचा अखत्यार

निफाड तालुक्यात स्त्रियांच्या हातांवरून ऋतू ओळखता येतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षबागांत घडांची विरळणी सुरू होते, मग ते घड संजीवकाच्या द्रावणात एकेक करून बुडवायचे दिवस येतात, आणि त्या दिवसांत बोटांची कातडी कोरडी पडून नखांच्या कडांना सालपटे निघू लागतात. पुढे उन्हाळ कांदा काढून त्याची पात कापण्याची घाई उसळली की अंगठ्याच्या नखाखाली जी काळसर रेघ बसते, ती किती घासले तरी आठ-पंधरा दिवस हटत नाही. ज्या हातांनी हा तालुका देशाला द्राक्षे आणि कांदा पुरवतो, त्या हातांना कधीतरी कोणी कोमट पाण्यात धरावे, त्यांची नखे नीट कापून द्यावीत, हवा तर त्यांवर रंगाचा एखादा हात फिरवावा, ही इच्छा मला चैनीची वाटत नाही. म्हणूनच ती पुरवणारे ठिकाण सचोटीचे असावे असा माझा आग्रह आहे.

पानिपताच्या लढाईतून परतलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचे, याच तालुक्यातील विंचूर हे गाव आज लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारासाठी आणि द्राक्षमद्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी अधिक ओळखले जाते. तीनपाटीवर वाहनांची वर्दळ असते. तेथून गावाकडे वळले की किराणा, मोबाइल, औषधे अशा दुकानांच्या रांगेत पडदा लावलेली स्त्रियांची पार्लरे दिसतात. नाशिक शहरात केवळ नखांची स्वतंत्र दालने निघाली आहेत. येथे मात्र भुवया, केस, मेंदी यांच्या जोडीनेच नखांचे काम चालते. अशाच एका दोन खुर्च्यांच्या पार्लरात, मालकिणीच्या परवानगीने, मी लग्नसराईच्या दिवसांत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे काम पाहत असे. मालकिणीला सारे गाव ताई म्हणते, म्हणून मीही येथे तिला ताईच म्हणेन; तिच्या हाताखाली शेजारच्या वाडीवरून येणारी एक मुलगी काम शिकत होती.

ताईच्या कामाचा शिरस्ता असा, की हत्यार हातात घेण्यापूर्वी ती गिऱ्हाइकाचा हात दिव्याखाली धरून दहाही नखे स्वस्थपणे पाहते. नख पिवळे पडले आहे का, त्वचेपासून सुटले आहे का, कडेला सूज किंवा पू आहे का, आधीचा रंग ओरबाडून काढल्याच्या खुणा आहेत का, एवढे पाहून झाल्यावर ती विचारते, "हाताला काही लागलंय का? आधी कुठं जेल केलं होतं का? तेव्हा खाज सुटली होती का?" मग ॲसिटोनच्या बोळ्याने जुना रंग निघतो, नखे एकाच दिशेने घासली जातात, आणि हात साबणाच्या कोमट पाण्यात ठेवले जातात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, जिला सगळ्या पार्लरांत क्युटिकल म्हणतात, ती ताई कापत नाही. मऊ झाल्यावर लाकडी काडीने हळूच मागे सारते. पुष्कळ गिऱ्हाइकांना ती कापून हवी असते, कारण कापलेले नख त्या दिवशी अधिक स्वच्छ दिसते. परंतु ही कातडी म्हणजे नखाच्या मुळाचे दार आहे, आणि ते उघडे टाकले की जंतूंना मज्जाव करणारे तेथे काही उरत नाही. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळाशी झालेली इजा पूर्णपणे पुढे सरकून कापली जाण्यास सहा महिने लागतात. पाच मिनिटांच्या उतावळेपणाची किंमत किती काळ मोजावी लागते, ते या हिशेबावरून ध्यानी यावे.

गिऱ्हाईक उठल्यानंतर जे काम चालते, ते बहुतेकींच्या दृष्टीस पडत नाही. माझ्या मते पार्लरची खरी परीक्षा तेथेच आहे. वापरलेली लोखंडी हत्यारे ती मुलगी प्रथम साबणाने आणि ब्रशाने घासून धूत असे, कारण मळ चिकटलेला असताना कोणतेही जंतुनाशक आपले काम नीट करू शकत नाही. मग ती हत्यारे ठरावीक वेळ जंतुनाशकाच्या द्रावणात बुडत, कोरडी होत आणि झाकणाच्या डब्यात जात. लाकडी काडी आणि घासणी मात्र एका गिऱ्हाइकानंतर टाकून दिली जाई, किंवा त्याच बाईच्या नावाच्या पाकिटात राही. निळा दिवा लावलेली पेटी पुष्कळ ठिकाणी मांडलेली असते आणि तिच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वासही बसतो; वस्तुतः ती स्वच्छ केलेले हत्यार स्वच्छ ठेवण्यापुरतीच उपयोगी आहे, मळक्या हत्याराचे निर्जंतुकीकरण तिच्याने होत नाही. ही बारकाई अनाठायी नाही. काविळीच्या 'ब' प्रकारचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्याला रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 2000 साली एकाच नखालयातील पाय बुडवण्याच्या कुंडांमुळे शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर चिघळणारी गळवे उठली. कुंडाच्या जाळीमागे साचलेल्या केसांत आणि कातडीच्या कणांत जंतूंनी वस्ती केली होती, आणि ज्यांनी येण्यापूर्वी पायांवर वस्तरा फिरवला होता त्यांना अधिक बाधा झाली. विंचूरच्या पार्लरात पाय साध्या प्लास्टिकच्या टबात बुडतात. त्याला जाळी नाही की नळ्या नाहीत. तो घासून उन्हात पालथा घालता येतो, आणि या एका बाबतीत साधे साधन महाग साधनापेक्षा निश्चित श्रेष्ठ आहे.

हवेचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्याचा भोग गिऱ्हाइकापेक्षा काम करणारीला अधिक. गिऱ्हाईक तासाभरात निघून जाते. ती मुलगी मात्र ॲसिटोनच्या वाफेत आणि घासलेल्या नखांच्या भुकटीत दिवस काढते. कृत्रिम नखांसाठी मिथाइल मेथाक्रिलेट हे स्वस्त द्रव्य वापरण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1970 च्या दशकातच कारवाई केली होती. उग्र दर्प, दगडासारखे टणक नख आणि ते सहजासहजी न निघणे, ही त्याची लक्षणे. जेल पक्के करणारे टीपीओ नावाचे द्रव्य युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले. आपल्याकडील 2020 च्या नियमांप्रमाणे प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत असणे आवश्यक आहे. ज्या बाटलीवर यांपैकी काहीच नाही, ती कितीही स्वस्त असो, ताई ती विकत घेत नाही. जेलचे काम करताना ती पडदा सारून दार उघडे ठेवते आणि रस्त्यावरचे लोक आत पाहतात या तक्रारीला दाद देत नाही.

आणि तरीही, हत्यारे लखलखीत आणि हवा खेळती असूनही पार्लर अन्यायाचे असू शकते. 2015 साली न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने त्या शहरातील नखालयांची चौकशी प्रसिद्ध केली, तेव्हा चकचकीत दालनांत काम करणाऱ्या परदेशी स्त्रियांना नोकरी मिळवण्यासाठी उलट मालकालाच पैसे भरावे लागत आणि आरंभीचे दिवस वेतनाविना काढावे लागत, असे उघडकीस आले. तेथील राज्यपालांना तातडीचे हुकूम काढावे लागले. आपल्याकडे 'शिकाऊ' या एका शब्दाखाली हेच घडण्याचा संभव असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी यांची तजवीज आहे; परंतु तो मूळ स्वरूपात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाला, त्यामुळे दोन खुर्च्यांच्या पार्लरातील मुलीचे रक्षण मालकिणीच्या नीतीवर आणि गिऱ्हाइकाच्या नजरेवर अवलंबून राहते. त्या मुलीला जेवायला वेळ मिळतो का, बसायला पाठीची खुर्ची आहे का, तिच्या हातांवर चट्टे उठले आहेत का, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

या सर्वांहून निर्णायक अशी सचोटीची एक खूण मला त्या स्टुलावर बसल्यावर दिसली. एके दुपारी एक वयस्क, सुखवस्तू बाई पायांची नखे करून घेण्यास आल्या. मुलीने टब भरून आणला, तेव्हा त्यांनी तिला तिचे गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि ते ऐकल्यावर पाय किंचित मागे घेऊन ताईला म्हणाल्या, "तूच धू ना गं. हिला दुसरं काही काम दे." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. ताईने हातातले काम ठेवले आणि म्हणाली, "काकू, पाय तीच धुईल. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. नसेल चालत, तर आज राहू द्या." बाई थोडा वेळ बसल्या, चपला घातल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. मुलीने पाणी ओतून दिले आणि टब पुन्हा घासला. संध्याकाळी ताईने जमाखर्चाच्या वहीत त्या न झालेल्या कामाचा मुलीचा वाटा तिच्या नावे मांडला, तो मी पाहिला.

नखांचे काम आपल्या गावगाड्यात नवे नाही. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असे, आणि बलुत्याच्या मोबदल्यात तो गावाची हजामत करी, नखे काढी. काम सर्वांना हवे, पण करणाऱ्याला गावाच्या पंगतीत वरचे पान नाही, अशी ती वहिवाट होती. त्या कारागिरांनी एकदा सामुदायिक नकार दिला, ही आपल्या इतिहासातील मोठी घटना आहे. 1890 साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा निर्धार तेथे झाला. वस्तरा ज्याच्या हाती, त्यानेच तो एका दुष्ट रूढीसाठी चालवण्यास नकार दिला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, लोखंड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कोणते काम करणार नाही हे सांगण्याचा अखत्यार आणि कोणत्या दिवशी करणार नाही हे सांगण्याचा अखत्यार, हे दोन्ही एकाच माणसाच्या हयातीतील एकाच वर्षात प्रत्यक्षात आले, याचे मला विंचूरच्या त्या पार्लरात पुनःपुन्हा स्मरण होई.

नकाराचे दुसरे रूप वैद्यकीय असते आणि व्यवहारात तेच अधिक अवघड जाते. लग्नाला दोन दिवस उरलेली एक मुलगी आईसह आली. तिला लांब जेलची नखे हवी होती आणि उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले होते. आईचे म्हणणे, रंगाखाली झाकून टाक. ताईने आधी नऊ बोटांविषयी बोलणे काढले, आणि मग म्हणाली, "मावशी, हे झाकलं तर आत पू वाढेल आणि हळदीच्या दिवशी बोट ठणकेल. आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीची नखं मी साधी, छान करून देते. अंगठ्याचे पैसे नको." शिवाय त्या मुलीला जेल पूर्वी कधी लागलेले नव्हते. पक्के न झालेले जेल कातडीला लागून एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते, आणि त्याच वर्गातील द्रव्ये दातांच्या भरावात व हाडांच्या शस्त्रक्रियेतही वापरली जातात. म्हणून नवख्या गिऱ्हाइकाला ताई आधी एका नखावर थोडे लावून परत पाठवते. आई रुसली, मुलगी रडवेली झाली, आणि शेवटी नऊ नखांना फिकट गुलाबी रंग लागला.

बाकीचे प्रसंग नित्याचे आहेत. ताईच्या चुलत सासूबाई पैसे देण्याचे नाव काढत नाहीत; कोणी भिंतीवर दरपत्रक असतानाही घासाघीस करते; कोणी नेलपॉलिश ओले असताना मोबाइल उचलते आणि डाग पडल्याचा दोष मुलीला देते. ताई भाऊबंदांना सवलत देते, पण ती स्वतःच्या वाट्यातून, मुलीच्या नव्हे. पसंत नसलेला रंग गिऱ्हाइकाने पहिल्या नखाला सांगितला तर तो बदलणे दोन मिनिटांचे काम आहे. दहा नखे होईपर्यंत संकोचाने गप्प बसून घरी गेल्यावर गावभर बोलणे, यात सभ्यपणा नाही. दुखले तर तत्काळ सांगावे. हत्यार धुतलेले दिसले नाही तर, "जरा धुऊन घेता का?" एवढेच विचारावे; सचोटीच्या ठिकाणी या प्रश्नाचा कोणी राग मानत नाही, आणि जेथे मानतात तेथून उठून येण्याची मुभा आपल्याला सदैव असते.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सराई सुरू होईल. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे, की आदल्या दिवशी न जाता आठवडाभर आधी पार्लरात जाऊन यावे, एका नखावर जेल लावून पाहावे, दर आधी विचारून पूर्ण द्यावा, पाय धुणाऱ्या मुलीचे नाव विचारावे आणि आडनाव विचारू नये. आणि तिने एखाद्या गोष्टीला नाही म्हटले, तर पुढच्या वेळी तिच्याकडेच जावे.